‘रॉकेलच तर आहे!’ – सडेतोड यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सडेतोड, नमस्कार.

हैदराबादच्या स्क्रॅमजेट (आवाजापेक्षा वेगवान हवेत इंधन जाळणारं इंजिन) चाचणीवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. आयडीला जागलात! बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तिचा गोषवारा आधी देतो. तुमचं म्हणणं असं, की २५ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीएल या हैदराबादच्या सरकारी संरक्षण प्रयोगशाळेने एक ज्वलनकक्ष जमिनीला घट्ट बांधून हजार सेकंदांहून जास्त वेळ पेटता ठेवला, यात एवढं हुरळून जाण्यासारखं काही नाही. अमेरिकेने २००४ सालीच असलं यान प्रत्यक्ष उडवून दाखवलं. मी अर्धा लेख इंधनावर खर्ची घातला, पण ‘शेवटी ते रॉकेलच, पेटतं की नाही हे बघायला प्रयोगशाळा कशाला?’ शिवाय पैसा जनतेचा, वस्तू क्षेपणास्त्रात जाणार, पुण्यातली प्रयोगशाळा म्हणजे ‘सरकारी फटाके’, आणि जेपी-७ या विमान-इंधनात पेटती काडी विझते ही माझी थाप. जाता जाता सल्ला: ‘उडेल तेव्हा लिहा.’

रॉकेलपासून सुरुवात करतो, कारण माझी उभी नोकरी त्यातच गेली. मुंबईतल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी विमानाच्या इंधनाच्या चाचण्या करायचो. ते इंधन म्हणजे रॉकेलचाच सख्खा भाऊ. पण ते पेटतं का, असं आम्हाला कधी कुणी विचारलं नाही. विचारायचे ते भलतंच. किती अंशांना त्याची वाफ पेट घेते, उणे किती अंशांवर त्यात स्फटिक दिसू लागतात, धूर न सोडता ज्योत किती उंच जाते, तांब्याची घासून लख्ख केलेली पट्टी त्यात बुडवून तापवली तर काळवंडते का. आणि या सगळ्यांत रडवणारी चाचणी म्हणजे जेफटॉट: तापवल्यावर इंधन बिघडतं का ते बघणारी.

ती जरा तपशिलात सांगतो, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. अ‍ॅल्युमिनियमची साधारण सोळा सेंटिमीटर लांबीची, मधे बारीक केलेली, आरशासारखी चकचकीत नळी असते. तिच्या मधल्या भागाला बोट लावायचं नाही; हाताचा तेलकटपणा लागला तर नळी बाद. इंधन आधी गाळायचं, मग त्यात मुद्दाम कोरडी हवा सोडून ते हवेने तृप्त करायचं. नळी २६० अंश सेल्सिअसला तापवायची आणि तिच्या अंगावरून मिनिटाला ३ मिलिलिटर या संथ गतीने अडीच तास इंधन जाऊ द्यायचं. दाब एवढा ठेवायचा की ते उकळता कामा नये. पुढे एक बारीक जाळी असते. जळण्याचा इथे संबंधच नाही, ठिणगी नाही, ज्योत नाही. अडीच तासांनी नळी बाहेर काढून, धुऊन, दिव्याखाली रंगाच्या तक्त्याशी ताडून बघायची. पिवळसर झाक चालते. तपकिरीकडे झुकली तर नापास. मोरपिसासारखे रंग चमकले तरीही नापास. जाळीत कचरा साचून दोन्ही बाजूंच्या दाबात पाऱ्याच्या २५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर टाकी अडवायची, मग वरून कुणाचाही फोन येवो.

नुसत्या तापण्याने स्वच्छ, पाण्यासारखं दिसणारं इंधन नळीवर तपकिरी थर धरतं. दूध ढवळलं नाही तर बुडाला लागतं, तसंच हे. कारण इंधनात विरघळलेला ऑक्सिजन. हवेशी संपर्क आलेल्या विमान-इंधनात तो साधारण दहा लाखांत ७० भाग असतो, म्हणजे काहीच नाही म्हणावं इतका. पण १५० अंशांच्या पुढे तेवढाही पुरतो. त्यात तांब्याचे अगदी नगण्य अंश उतरले असतील तर काम आणखी झपाट्याने बिघडतं.

आता हेच इंधन घेऊन आवाजाच्या सहापट वेगाने जायचं म्हणा. तीसेक किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा उणे ४५ अंशांच्या आसपास, पण सहा माखने जाणाऱ्या यानासमोर अडून थांबली की तिचं तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअस होतं. हे इंधन पेटण्याआधीचं. पेटल्यावर आत २००० च्या वर जातं. साध्या जेट इंजिनात गरम भाग थंड ठेवायला हवाच वापरतात. इथे हवाच भट्टी. पाणी न्यावं तर वजन. मग थंड करायला यानात उरतं काय? जाळायला नेलेलं इंधन. ते ज्वलनकक्षाच्या भिंतीतल्या बारीक वाहिन्यांमधून आधी फिरवायचं, भिंतीची उष्णता त्याने प्यायची आणि मग पुढे जाऊन जळायचं. लेखाचा अर्धा भाग इंधनावर का, तर या इंजिनात इंधन आधी शीतक आहे, जळण नंतर. आणि शीतक म्हणून ते जेवढं लागतं, तेवढंच जळण म्हणून लागेल असं नाही. ते गणित जुळवणं ही या विषयातली खरी डोकेदुखी.

नुसतं रॉकेल पाचशे अंशांनी तापवलं तर किलोमागे साधारण सव्वा ते दीड मेगाजूल उष्णता पितं. वेग वाढला की हे अपुरं पडतं. तिथे उष्णताशोषी इंधनं येतात: तापल्यावर ज्यांचे रेणू तुटतात आणि तुटताना आणखी उष्णता खातात. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण मिथाइलसायक्लोहेक्सेनचं. योग्य उत्प्रेरकावर त्याचं टोल्युइन आणि हायड्रोजन होतं, आणि त्या एका अभिक्रियेत किलोमागे आणखी सुमारे दोन मेगाजूल उष्णता शोषली जाते. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकी हवाई दलासाठी यावर भरपूर काम झालं. वरकमाई म्हणजे सुटलेला हायड्रोजन पटकन पेटतो. हवा कक्षातून सेकंदाला किलोमीटरभर वेगाने पळत असते, म्हणजे मीटर-दीड मीटर लांबीच्या कक्षात इंधनाला मिसळायला, पेटायला आणि जळून जायला मिळतो तो एक-दोन सहस्रांश सेकंद. डीआरडीएलच्या इंधनाबद्दल सरकारी पत्रकात दोनच फायदे सांगितले होते, जास्त थंडावा आणि सोपं प्रज्वलन. एकाच वाक्यातले ते दोन फायदे एकाच मुळातून आलेले असू शकतात, हे मला लेखात दाखवायचं होतं. इंधनात नेमकं काय आहे हे पत्रकात नाही, आणि मी अंदाज बांधत बसणार नाही.

पण रेणू तुटायला लागले की सगळेच शहाण्यासारखे तुटत नाहीत. साडेचारशे-पाचशे अंशांच्या पुढे कोक, म्हणजे कार्बनचा कडक थर, धरायला लागतो. जेफटॉटच्या तपकिरी थराचा हा थोरला, काळा भाऊ. वाहिनीत कोक बसला की इंधनापर्यंत उष्णता पोचत नाही, भिंत तापते, तापली की कोक आणखी बसतो, आणि एका क्षणी भिंतीला भोक पडतं. निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूंचा पृष्ठभाग या कोकला उलट हातभार लावतो. त्यामुळे इंधन निवडताना नळीचा धातूही त्याच्यासोबत निवडावा लागतो. प्रयोगशाळेत हे बघायची रीत साधी आहे. एका बारीक नळीतून वीज सोडून ती तापवायची, आतून दाबाखाली इंधन, बाहेरून ओळीने तापमापक. नंतर नळीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा ऑक्सिजनमध्ये तापवून आतला कोक जाळायचा आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. नळीत कुठे किती कोक बसला, याचा नकाशा हातात येतो. कंटाळवाणं काम आहे. टाळ्या वाजवायला कुणी येत नाही.

म्हणून हजार सेकंद. कक्षाच्या भिंतीचं तापमान स्थिरावायलाच वेळ जातो आणि कोक त्यानंतर आपले रंग दाखवतो. पाच-दहा सेकंदांच्या चाचणीत तो दिसणारच नाही. सहा माख म्हणजे त्या उंचीवर सेकंदाला साधारण १.८ किलोमीटर, हजार सेकंद म्हणजे अठराशे किलोमीटर. जानेवारी २०२५ मध्ये डीआरडीएलच्याच चाचणीत १२० सेकंद झाले होते. १२० वरून हजारावर जाणं म्हणजे तोच प्रयोग जास्त वेळ करणं नव्हे. मधे भिंत, तिच्यावरचा उष्णतारोधक लेप आणि इंधन तिन्ही टिकलं पाहिजे.

आता तुमची २००४ ची गोष्ट. एक्स-४३ए हे यान त्या वर्षी मार्चमध्ये ६.८ आणि नोव्हेंबरमध्ये ९.६ माखपर्यंत गेलं, अगदी खरं. पण प्रत्येक वेळी इंजिन चाललं दहाएक सेकंद, आणि इंधन होतं हायड्रोजन. इंजिन होतं मुख्यतः तांब्याच्या मिश्रधातूचं: दहा सेकंदांची उष्णता धातूने पिऊन टाकायची, विषय संपला. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोट्याहून जे केलं तेही हायड्रोजनवर, पाच सेकंद. आणि आपलं एचएसटीडीव्ही हे स्क्रॅमजेटचं चाचणी-यान ७ सप्टेंबर २०२० ला ओडिशाच्या किनाऱ्यावरून उडालं, ते वीस सेकंदांहून थोडं जास्त चाललं. या तिन्हींचा प्रश्न एकच होता: आवाजापेक्षा वेगवान हवेत आग टिकते का? उत्तर मिळालं, टिकते. हैदराबादच्या चाचणीचा प्रश्न वेगळा होता. आधीच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याने आधी दिलं म्हणून नंतरचा प्रश्न विचारायचाच नाही, हे कुठलं न्यायशास्त्र?

‘मग हायड्रोजनच वापरा की’ असं खाली आणखी एकांनी लिहिलंय. वजनाच्या हिशेबाने हायड्रोजन राजा आहे: किलोला १२० मेगाजूल, रॉकेल ४३. पण द्रव हायड्रोजनचा एक लिटर भरतो जेमतेम ७१ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे साडेआठ मेगाजूल. रॉकेलचं तेच चौतीस-पस्तीस. चौपट मोठी टाकी, तीही उणे २५३ अंशांवर, आणि ती घेऊन हवेला चिरत जायचं. उपग्रहाच्या रॉकेटला ते परवडतं, कारण ते मिनिट-दोन मिनिटांत दाट हवेच्या बाहेर पडतं.

तुमच्या टीकेतला एक मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो तुम्ही नुसता ओझरता सोडलात याचं वाईट वाटलं. ‘जमिनीवरची हवा ती आकाशातली हवा नव्हे.’ बरोबर. हैदराबादच्या केंद्राचं नावच ‘कनेक्ट पाइप’ आहे: गरम, वेगवान हवा थेट नळाने ज्वलनकक्षाच्या तोंडाशी आणून सोडायची. यानाचं नाक, हवा घेणारा जबडा, तिथे तयार होणारे आघाततरंग (हवेतले दाबाचे तीव्र धक्के), यातलं काही या चाचणीत येत नाही. जगभरच्या अशा केंद्रांना आणखी एक दुखणं आहे. मिनिटंच्या मिनिटं १५०० अंशांची हवा पुरवायची म्हणजे बहुतेक ठिकाणी ती आधी काहीतरी जाळूनच तापवतात आणि खर्च झालेला ऑक्सिजन वरून भरून देतात. नासाच्या लँग्लीच्या आठ फुटी बोगद्यात मिथेन जाळतात. त्यामुळे हवेत पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शिरतो, आणि या पाहुण्यांमुळे इंधन पेटायला लागणारा वेळ बदलतो. शुद्ध हवा हवी असेल तर आघातनलिका वापरतात: पडदा फाडायचा, आघाततरंग सोडायचा, हवा क्षणात तापते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात हे काम वर्षानुवर्षं चाललंय, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही आहे. पण तिथे चाचणी मिलिसेकंदांत संपते. म्हणजे एक तर हवा शुद्ध मिळेल, नाही तर वेळ भरपूर मिळेल. दोन्ही एकत्र पाहिजे तर उडावंच लागतं. इथे तुम्ही आणि मी एका पंगतीत.

प्रयोगशाळेतला आकडा फसवू शकतो याचा याहून मोठा दाखला मीच देतो. पन्नासच्या दशकात अमेरिकेत बोरॉनच्या इंधनांचं वेड आलं होतं. नौदलाचा प्रकल्प ‘झिप’, हवाई दलाचा ‘हेफ’. उष्णतामापकात बोरॉनची संयुगं रॉकेलला सहज मागे टाकत होती, आणि त्या एका आकड्यावर कारखाने उभे राहिले. इंजिनात घातल्यावर काय? बोरॉन जळून होतं बोरॉन ऑक्साइड. ते टर्बाइनच्या पात्यांवर वितळलेल्या काचेसारखं चिकटून बसलं. वर ही संयुगं भयंकर विषारी. १९५९ मध्ये गाशा गुंडाळला. पण यात दोष प्रयोगशाळेचा म्हणायचा का? उष्णतामापकाला विचारलं होतं, किती उष्णता? त्याने खरं उत्तर दिलं. राख कुठे जाईल हे त्याला वेळेवर विचारायला हवं होतं, आणि तेही प्रयोगशाळेतच विचारता आलं असतं.

‘रॉकेल ते रॉकेल’ला आणखी एक टोला, मग तो विषय सोडतो. विमानाच्या इंधनात गंधक दहा लाखांत ३००० भागांपर्यंत चालतं. रॉकेटसाठीच्या आरपी-१ या रॉकेलमध्ये ३०. आणि त्याचीच पुढची प्रत, आरपी-२, तिच्यात ०.१. इतका आटापिटा कशासाठी? रॉकेटच्या ज्वलनकक्षाची आतली भिंत तांब्याच्या मिश्रधातूची असते आणि तिच्या वाहिन्यांमधून रॉकेल फिरतं. गंधक आणि तांब्याचं जमलं की भिंत खरवडली जाते, वाहिन्यांत कॉपर सल्फाइड साठतं. हे आधी तापत्या नळ्यांवर दिसलं, म्हणून तपशीलपत्रकात उतरलं. इस्रोचं दोन हजार किलोन्यूटनचं अर्धक्रायोजेनिक इंजिनही शुद्ध रॉकेलवरच चालायचंय. २८ मार्च २०२५ ला तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला त्याच्या ‘पॉवर हेड’ची (मुख्य ज्वलनकक्ष सोडून बाकीच्या इंजिनाची) गरम चाचणी झाली, फक्त अडीच सेकंदांची. तीही यशस्वीच होती, कारण इंजिन सुरळीत सुरू होतं का एवढंच बघायचं होतं. हजार सेकंदांना नाक मुरडणारे अडीच सेकंदांना काय म्हणतील, देव जाणे.

पुण्याच्या ‘सरकारी फटाक्यां’बद्दल थोडक्यात. सुतारवाडीतल्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेचं क्षेत्र घन इंधनं आणि स्फोटकं. तिथला प्रश्न निराळा. घन इंधनाची पेन्सिलीएवढी कांडी करून, बाजूंना लेप देऊन (म्हणजे फक्त टोकाकडून जळेल) नायट्रोजनच्या दाबाखाली बंद भांड्यात पेटवतात आणि ठरावीक अंतरावरच्या तारा तुटण्याचा वेळ मोजतात. दाब वाढला की जळण्याचा वेग किती वाढतो, हे त्यावरून कळतं. तो फार वाढत असेल तर मोटारीत (रॉकेटच्या इंधन भरलेल्या नळकांड्यात) दाब दाबाला वाढवत जातो आणि रॉकेटचा बाँब होतो. कांडीची किंमत किरकोळ, मोटारीची नाही. जनतेच्या पैशाचं तुम्ही म्हणालात, तर हीच ती काटकसर.

शस्त्राचा मुद्दा मी टाळत नाही. हे काम ध्वनीच्या पाचपटीहून वेगवान क्षेपणास्त्रांसाठी चाललं आहे, असं पत्रकातच लिहिलं होतं आणि लेखातही मी ते लिहिलं होतं. अशी शस्त्रं असावीत की नाही यावर तुमचं माझं मत जुळेलही. पण ते मत आणि ‘चाचणीत काही दम नाही’ हे विधान या दोन वेगळ्या गोष्टी. एकीचा राग दुसरीवर काढू नका.

काडीची थाप. एसआर-७१ या टेहळणी विमानाचं जेपी-७ इंधन. त्याचा फ्लॅश पॉइंट ६० अंश सेल्सिअस, म्हणजे त्याखाली पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफच जमत नाही. थंड इंधनात काडी बुडवली की विझते, ती यामुळे. वात लावलीत किंवा फवारलंत तर छान पेटेल. विमानाचं अंग उड्डाणात इतकं तापायचं की टाक्यांतलं इंधनच केबिनची, यंत्रणांची, हायड्रॉलिक तेलाची उष्णता पिऊन घ्यायचं; ऊठसूट पेटणारं इंधन तिथे चाललंच नसतं. पेटायला इतकं आळशी म्हणून इंजिन सुरू करताना ट्रायइथाइलबोरेन टोचावं लागे, जे हवा लागताच आपोआप पेटतं. गंमत बघा, बोरॉन शेवटी उपयोगी पडलं ते काडेपेटी म्हणून.

आणि ‘उडेल तेव्हा लिहा’. लिहीन की. पण तेव्हा पत्रकात मी वेगाचा आकडा शेवटी वाचेन. आधी बघेन इंजिन स्वतःच्या इंधनावर किती वेळ चाललं आणि सुरुवात कशावर केली. हेच जेपी-७ अमेरिकेने एक्स-५१ए या स्क्रॅमजेट यानात वापरलं, भिंतीतून फिरवून, शीतक म्हणून. पण थंड इंजिनात ते पेटेना, म्हणून आधी इथिलीन वायूवर पेटवायचं, भिंत तापली की जेपी-७ वर यायचं. २०१० च्या पहिल्या उड्डाणात ते बऱ्यापैकी जमलं. १३ जून २०११ ला दुसऱ्या उड्डाणात इथिलीनवर इंजिन पेटलं आणि जेपी-७ वर येतानाच जबड्यातला प्रवाह कोलमडला, यान समुद्रात. तिसरं इंजिन पेटायच्या आधीच गेलं, सुकाणूच्या एका पंखाने घात केला. १ मे २०१३ ला चौथं ५.१ माखने साडेतीन मिनिटं चाललं, इंधन संपेपर्यंत. त्या अदलाबदलीच्या काही सेकंदांचं आपलं उत्तर काय आहे, हे मला हैदराबादकडून ऐकायचंय. तुमच्या कानावर आधी आलं तर इथेच खाली लिहा.